एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) खटल्यात शिक्षा जास्त झाली तर: बेळगाव भागातून अपील कसे करायचे

हिंडलगा कारागृहातल्या भेटीनंतर बाहेर पडणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य असते: "वरच्या कोर्टात शिक्षा कमी करून घेऊ." किती कमी होऊ शकते, याचे उत्तर बहुतेक वेळा निकालपत्रातल्या, पकडलेल्या मालाच्या वजनाच्या आकड्यात दडलेले असते. तो आकडा न पाहता लिहिलेले अपील म्हणजे दयेचा अर्ज. घरी म्हातारी आई आहे, पोरे लहान आहेत, पहिलीच चूक आहे, असे चार परिच्छेद त्यात असतात आणि कायद्याने ठरवलेल्या किमान शिक्षेपुढे त्यांचा काही उपयोग होत नाही.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. इतर गुन्ह्यांप्रमाणे चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून दहा वर्षांची सात होतील, असे लोक धरून चालतात. एनडीपीएस कायद्याचे कलम ३२अ ही सूट देत नाही. अपवाद फक्त कलम २७ खालच्या, म्हणजे सेवनाच्या शिक्षेचा. म्हणून शिक्षा कमी करण्याची खरी जागा अपील हीच आहे आणि ते क्रमाने करावे लागते.

१. निकालाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी

दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घ्यावे लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. पुष्कळ खटल्यांत हे दोन मिनिटांत उरकते: "काही सांगायचे आहे का?" "साहेब, गरीब आहे." संपले. वकिलाने त्या वेळी एक-दोन दिवसांची मुदत मागावी आणि वय, आजारपण, आधीची शिक्षा नसणे, कुटुंबाची स्थिती यांचे कागद रेकॉर्डवर ठेवावेत. जे रेकॉर्डवर नाही ते अपिलात नव्याने आणायला जास्त कष्ट पडतात.

त्यानंतर लगेच नकलेचा अर्ज करा. अपील करता येण्याजोग्या निकालाची प्रमाणित प्रत आरोपीला मोफत मिळते (जुने कलम ३६३, नवे ४०४). याच कलमात मराठी माणसाच्या उपयोगाची एक तरतूद आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात: आरोपीने मागणी केली तर, शक्य असल्यास, निकालाचे त्याच्या भाषेतले भाषांतर द्यायचे असते. निकाल कन्नडमध्ये असेल आणि घरात कुणाला कन्नड वाचता येत नसेल, तर नकलेच्या अर्जातच "मराठी भाषांतरही मिळावे" अशी ओळ घाला. भाषांतर येईपर्यंत अपील मात्र अडवून ठेवू नका, मुदत थांबत नाही.

तपासा: खटला क्रमांक, न्यायालयाचे नाव, १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (खटल्याचा संगणकीय ओळख क्रमांक), निकालाची तारीख आणि निकालपत्रात आरोपीचे नाव नेमके कसे छापले आहे. निकालात "यल्लाप्पा" आणि आधारवर "यल्लप्पा" असेल तर पुढचे सगळे कागद निकालातल्या नावाने करा आणि आधारवरचे नाव "उर्फ" म्हणून लिहा. वकीलपत्रावर एक नाव आणि अपिलावर दुसरे असेल तर कार्यालय हरकत काढते आणि फाईल पडून राहते.

२. शिक्षा कोणत्या पायरीवर उभी आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एनडीपीएस कायद्यात बहुतेक पदार्थांची शिक्षा तीन पायऱ्यांवर ठरते: अल्प प्रमाण, मधले प्रमाण आणि व्यापारी प्रमाण. गांजाच्या पायऱ्या कलम २०(ब)(२) मध्ये अशा आहेत:

- अल्प (१ किलोच्या आत): कमाल १ वर्ष सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- मधले: कमाल १० वर्षे आणि १ लाखापर्यंत दंड. किमान शिक्षा नाही.
- व्यापारी (२० किलोपेक्षा जास्त): किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे, दंड किमान १ लाख, कमाल २ लाख.

इतर पदार्थांच्या अल्प आणि व्यापारी सीमा: चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो, एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. गांजाचे झाड लावल्याचा गुन्हा वेगळा. कलम २०(अ) मध्ये कमाल १० वर्षे आणि १ लाखापर्यंत दंड आहे, पण किमान शिक्षा नाही. उसात किंवा मक्यात लावलेल्या झाडांच्या खटल्यात शिक्षा "लागवडी"बद्दल दिली आहे की "ताब्या"बद्दल, हे निकालाच्या शेवटच्या पानावर पाहा. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता या पायऱ्यांवरून अपिलाचा रस्ता ठरवा.

मधली पायरी असेल तर शिक्षा कमी करण्याला सगळ्यात जास्त वाव इथेच. ३ किलो गांजाला ८ वर्षे दिली असतील, तर व्यापारी प्रमाणाच्या सीमेपासूनचे अंतर, वय, पहिला गुन्हा आणि आत काढलेला काळ हे मुद्दे थेट मांडता येतात. शिक्षा "भोगून झालेल्या काळापर्यंत" आणण्याची मागणीही करता येते.

व्यापारी पायरी आणि शिक्षा १० वर्षांपेक्षा जास्त असेल, तर ती १० वर आणण्यापुरता वाव आहे. किमानपेक्षा जास्त शिक्षा देताना न्यायालयाने काय विचारात घेतले, ते कलम ३२ब शी ताडून पाहा. हिंसा किंवा शस्त्राचा वापर, अल्पवयीनांचा वापर, शाळेजवळचा गुन्हा, संघटित टोळी अशी कारणे त्या कलमात दिली आहेत. तेवढीच कारणे चालतात असे मात्र नाही. गुरदेव सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०२१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालाचे मोठे प्रमाणही विचारात घेता येते असे म्हटले आणि "मी फक्त माल वाहून नेणारा गरीब माणूस" हा युक्तिवाद मान्य केला नाही. त्याच एका वाक्यावर अपील उभे करू नका.

व्यापारी पायरी आणि शिक्षा नेमकी १० वर्षे असेल, तर दयेच्या मुद्द्यांवर ती १० च्या खाली येत नाही. रस्ता एकच: पायरी बदला किंवा दोषसिद्धीलाच आव्हान द्या.

*पायरी बदलण्याचे मुद्दे कुठे सापडतात*

पंचनामा, वजनाची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांसमोर केलेली यादी (कलम ५२अ) हे चार कागद शेजारी शेजारी मांडा. समजा पंचनाम्यात लिहिले आहे: "तीन गोणपाटी पोत्यांसह एकूण वजन २० किलो ९०० ग्रॅम." रिकामे पोते साधारण अर्धा किलोचे धरले तरी दीड किलो वजा होऊन माल १९ किलो ४०० ग्रॅमवर येतो आणि १० वर्षांची किमान शिक्षा उरत नाही. पोत्याचे वजन वेगळे केले का, हा प्रश्न उलटतपासणीत विचारला होता का तेही पाहा. कायद्यात व्यापारी प्रमाण म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा "जास्त", म्हणजे नेमका २० किलो माल मधल्या पायरीत बसतो.

दुसरा मुद्दा गांजाच्या व्याख्येचा. कलम २ प्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची बी आणि पाने त्यात येत नाहीत. मुळासकट उपटलेली ओली झाडे, देठ, माती असे सगळे एकत्र तोलले असेल तर त्यात शेंडे किती, याचा पुरावा कुठे आहे ते शोधा.

सावधान: "हेरॉईनमध्ये भेसळ होती, शुद्ध माल थोडाच" हा मुद्दा आता चालत नाही. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या निकालापासून मिश्रणाचे एकूण वजन धरले जाते. जुन्या अपिलांची नक्कल मारताना हा परिच्छेद हमखास तसाच उतरतो. तसेच कलम ५२अ चे पालन झाले नाही एवढ्यावरच खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका गांजाच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या चुकीमुळे मालाच्या ओळखीबद्दल किंवा वजनाबद्दल नेमकी कोणती शंका उभी राहते ते दाखवावे लागते.

आणखी चार गोष्टी पाहून घ्या.

घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत होते का? अल्पवयीन असल्याचा मुद्दा अपिलातही पहिल्यांदा मांडता येतो. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. मराठी शाळेचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडा.

कलम ३१ लावून वाढीव शिक्षा दिली आहे का? दिली असेल तर आधीची दोषसिद्धी खरोखर सिद्ध झाली आहे का? नुसता आधीचा गुन्हा नोंद असणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे.

सहआरोपीला फक्त कलम ६७ खालच्या, म्हणजे तपास अधिकाऱ्यापुढे दिलेल्या, कबुलीजबाबावर दोषी धरले आहे का? तोफान सिंग (२०२०) निकालानंतर तो जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही.

अल्प प्रमाण किंवा कलम २७ असेल आणि आरोपी व्यसनी असेल, तर कलम ३९ प्रमाणे वैद्यकीय तपासणीनंतर बंधपत्रावर उपचारासाठी सोडण्याची मागणी करता येते. संस्था सरकारी किंवा सरकारमान्य लागते. या भागातून धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचे कागद आधीपासून असतील तर ते फाईलला लावा.

३. मुदत मोजा

उच्च न्यायालयात ६० दिवस, सत्र न्यायालयात ३० दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही. नकलेसाठी लागलेले दिवस वजा होतात.

उदाहरण: निकाल १० जून. ६० दिवस ९ ऑगस्टला भरतात. नकलेचा अर्ज १४ जूनला दिला आणि नक्कल २ जुलैला तयार झाली, म्हणजे दोन्ही दिवस धरून १९ दिवस वजा. शेवटची तारीख २८ ऑगस्ट. मात्र २ जुलैला तयार असलेली नक्कल तुम्ही २० जुलैला नेली, तर मधले १८ दिवस तुमच्या नावावर. नकलेवरच्या शिक्क्यात अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते, मुदत त्यावरूनच मोजा.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र द्या. प्रत्येक टप्प्याची तारीख लिहा: कारागृहात भेट कधी झाली, पैसे कधी जमले, नक्कल कधी हाती आली. "अडाणीपणामुळे उशीर झाला" एवढ्यावर न्यायालयाचे समाधान होत नाही.

४. अपील कुठे

सीमाभागात इथे हमखास घोळ होतो. अपील ठरते ते शिक्षा देणाऱ्या न्यायालयावरून. आरोपीचे गाव कुठल्या राज्यात, याचा संबंध नाही.

- बेळगावच्या विशेष न्यायालयाची शिक्षा: कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. कारवार, हल्याळ, जोयडा भागासाठीही तेच.
- विजापूर आणि बिदर जिल्हे: कलबुर्गी खंडपीठ.
- कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली शिक्षा: मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (१८ ऑगस्ट २०२५ पासून). चंदगडजवळ पकडलेला खानापूरचा पोरगा असेल तर धारवाडच्या फेऱ्या मारू नका.
- गोव्यातली शिक्षा: मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ.

तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे विशेष न्यायालयात चालतात. अल्प प्रमाणाचे आणि सेवनाचे खटले दंडाधिकाऱ्यांसमोर चालले असतील तर अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत.

सावधान: किरकोळ खटल्यात "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा" असा सल्ला सर्रास मिळतो. कबुलीनंतर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच अपील उरते (जुने कलम ३७५, नवे ४१६). पुढे नोकरीच्या वा पासपोर्टच्या वेळी हीच कबुली आडवी येते.

५. वकील आणि कागद

कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात, तालुका समितीत किंवा उच्च न्यायालयाच्या कायदा सेवा समितीत अर्ज करा. दूरध्वनी क्रमांक १५१००. कैदी स्वतः कारागृह अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. मुदत संपत आली असेल तर हा रस्ता आधी धरा आणि वकील नंतर उभा करा. मात्र एकाच निकालावर दोन अपिले गेली असतील तर वकिलाला ते सांगा, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्यात लपवल्यासारखी दिसते.

वकीलपत्रावर कैद्याची सही आणि कारागृह अधिकाऱ्याचे साक्षांकन हवे. यासाठी भेटीचा एक दिवस राखून ठेवा. वकिलाच्या फाईलमध्ये हे असावे: निकालाची प्रमाणित प्रत, दोषारोप, पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, आत काढलेल्या काळाचा कारागृहाचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, आजारपणाचे आणि कुटुंबाचे कागद.

६. अपिलाचा मसुदा

अपील फक्त शिक्षेपुरते करायचे की दोषसिद्धीसह? कबुलीचा खटला नसेल तर दोन्हींविरुद्ध करा. सुनावणीच्या दिवशी दोषसिद्धीचा मुद्दा सोडून शिक्षेवर भर देता येतो. उलट दिशेने जाणे अवघड असते.

मागण्या उतरत्या क्रमाने लिहा:

१. दोषसिद्धी रद्द करून निर्दोष सोडावे.
२. पर्यायाने, दोषसिद्धी व्यापारीऐवजी मधल्या प्रमाणाखाली करावी आणि त्याप्रमाणे शिक्षा द्यावी.
३. पर्यायाने, शिक्षा कायदेशीर किमानापर्यंत किंवा भोगलेल्या काळापर्यंत कमी करावी.
४. दंड न भरल्यास भोगायची कैद कमी करावी.
५. वेगवेगळ्या कलमांखालच्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या असा आदेश द्यावा.

चौथी मागणी बहुतेक मसुद्यांत नसतेच. व्यापारी खटल्यात १ लाखाचा दंड कमी होत नाही, पण तो भरता न आल्यास होणारी कैद कमी होऊ शकते. शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली. ज्या घरात दंडाचे पैसे उभेच राहणार नाहीत, तिथे याचा अर्थ अडीच वर्षे.

पाचवीसाठी आदेशाची शेवटची ओळ वाचा. न्यायालयाने "एकाच वेळी" असे म्हटले नसेल तर शिक्षा एकामागून एक धरल्या जातात.

तपासा: खटला चालू असताना आत काढलेले दिवस वजा करण्याचा उल्लेख (जुने कलम ४२८, नवे ४६८) निकालात आणि शिक्षेच्या वॉरंटमध्ये आहे का? अटकेची तारीख चुकली असेल तर ती दुरुस्ती शिक्षा देणाऱ्या न्यायालयात अर्ज करून घ्या. त्यासाठी अपिलाच्या सुनावणीची वाट पाहत बसू नका.

७. शिक्षेला स्थगिती

अपिलासोबतच स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज द्या (जुने कलम ३८९, नवे ४३०). कलम ३२अ मध्ये स्थगितीलाही मनाई लिहिलेली आहे, पण दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) या निकालाने न्यायालयाचा हा अधिकार परत दिला. व्यापारी प्रमाणात कलम ३७ च्या कडक अटी लागतात: आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी आधार हवा आणि जामिनावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही याबद्दल न्यायालयाचे समाधान व्हायला हवे. मधल्या प्रमाणात या अटी नाहीत. तिथे निम्मी शिक्षा भोगून झाली असेल आणि अपील लवकर सुनावणीला येण्यासारखे नसेल तर ते ठळकपणे मांडा. शिक्षा १० वर्षे किंवा जास्त असेल तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, तेवढा वेळ धरून चला.

सावधान: दंड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही. स्थगिती देताना न्यायालय दंड भरण्याची अट घालू शकते, ती रक्कम आधी जमवून ठेवा. जामीनदाराचे जमिनीचे उतारे आणि नाव यांत फरक असेल तर सुटका आठवडाभर लांबते.

८. सुनावणीआधी

आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारने शिक्षा कमी झाली म्हणून वेगळे अपील केले असेल (जुने कलम ३७७, नवे ४१८) तर मात्र धोका आहे. अशी नोटीस आली की ती दडवून ठेवू नका, त्याच दिवशी वकिलाला द्या. त्या अपिलातही आरोपीला निर्दोषत्व किंवा शिक्षेतली घट मागता येते.

सुनावणीच्या आठवड्यात कारागृहाचा ताजा दाखला मागवा. वर्षभरापूर्वीच्या दाखल्यावर "भोगलेला काळ" मोजला की सरकारी वकील आकडा खोडून काढतो. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा मराठी कागदांची भाषांतरे वकिलाच्या हाती आधीच असू द्या. बेळगावहून जाताना खंडपीठाची इमारत धारवाड शहराच्या अलीकडे महामार्गालगत लागते. बसने जाणाऱ्यांनी वाहकाला आधी सांगून ठेवावे, नाहीतर शहरात उतरून उलटे यावे लागते.

९. निकालानंतर

शिक्षा कमी झाली तरी सुटका आपोआप होत नाही. आदेशाची प्रत विशेष न्यायालयात आणि तिथून सुधारित वॉरंट हिंडलग्याला पोचावे लागते. आदेशातला गुन्हा क्रमांक, नाव, दंडाचा आणि दंडाऐवजीच्या कैदेचा उल्लेख त्याच दिवशी वाचून घ्या, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. अपील फेटाळले गेले तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस असतात आणि तिथेही कायदा सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. त्यासाठी विशेष न्यायालयाच्या निकालाची पहिली प्रत घरात जपून ठेवलेली असावी. एरवी ती मूळ प्रत वकिलाकडे देऊन टाकलेली असते आणि दोन वर्षांनी ती शोधताना सगळ्यांची धावपळ होते.